सेकंदाला बरोबर

१

घड्याळ मावशींच्या पिशवीत सापडलं, तेव्हा मी पॅसेजमध्ये शिवणयंत्रावर बसून कुणाच्या तरी पॅन्टची लांबी कमी करत होते. आतून जाऊबाईंची हाक आली, "जरा इकडे ये, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ." माझ्या जाऊबाई एरवी हळू बोलतात. त्यांचा आवाज चढला की समजायचं, आज कुणाची तरी धडगत नाही.

अप्पांच्या खोलीत त्या एका हातात करडी कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात अप्पांचं घड्याळ धरून उभ्या होत्या. अप्पा म्हणजे आमचे सासरे. त्यांनी नोकरीभर बस डेपोत गाड्या सोडल्या. तोंडात शिट्टी आणि मनगटावर घड्याळ, हाच त्यांचा खरा संसार. आम्ही बाकीचे फावल्या वेळातले. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. 'चहा', 'नको', 'उद्या' असे चार-पाच शब्द तेवढे उरले. डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते दिवस काढायचे, आणि तेच घड्याळ आदल्या सकाळपासून गायब होतं.

गायब झाल्याचं पहिल्यांदा मावशींच्याच लक्षात आलं होतं. मावशी नात्याने आमच्या कुणी नव्हेत. संस्थेकडून अप्पांना सांभाळायला येतात, म्हणून सगळ्यांच्या मावशी. काल दिवसभर त्यांनी माझ्याबरोबर गाद्या उलट्या केल्या, अप्पांची औषधांची पिशवी ओतून बघितली, वॉशिंग मशीनच्या जाळीत हात घातला. आणि आता घड्याळ निघालं ते त्यांच्याच पिशवीतून.

"संशय येऊ नये म्हणून आधी स्वतःच बोंब मारायची," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यात कालच आलं होतं."

मावशी बाथरूममधून ओल्या हातांनी आल्या. पिशवी बघून क्षणभर त्यांना काही कळेचना. मग म्हणाल्या, "मी नाही घेतलं." एवढंच. रडल्या नाहीत, शपथा घेतल्या नाहीत. जाऊबाईंनी त्यांच्यासमोरच संस्थेत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, की परवा सकाळी त्या लेखी तक्रार घ्यायला येतील, आणि एकदा तक्रार लागली की या बाईंना पुन्हा कुठल्याच घरी पाठवलं जाणार नाही. फोनचा आवाज मोठा होता. मावशींनी सगळं ऐकलं. हात पुसले, अप्पांची उशी नीट केली आणि निघाल्या. जिना उतरताना मात्र त्यांना हुंदका आवरला नाही.

जाऊबाईंनी अप्पांना तीन-तीनदा विचारलं, "मावशींनी घेतलं होतं ना?" अप्पांनी डोळे मिटून घेतले. जाऊबाईंच्या हिशेबी तो होकार झाला. मग त्यांनी घड्याळ अप्पांच्या मनगटावर बांधलं. अप्पांनी डोळे उघडले, मनगट तोंडाजवळ आणून बराच वेळ बघितलं, आणि तो हात पलंगाच्या कडेवर आपटायला सुरुवात केली.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या. उद्या."

त्यानंतर त्यांनी जेवण तोंडात घेणं बंद केलं.

२

मी आत्यांना फोन केला. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. शाळेत शिकवायच्या, पण खरी कीर्ती परीक्षेच्या हॉलमधली. कॉपी पकडावी तर त्यांनी. पोरांनी त्यांचं नाव 'दुर्बीण' ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. माझ्यावर त्यांचा जीव आहे, बहुधा मी त्यांना घाबरत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. आधी अप्पांपाशी बसल्या. मग जेवणाच्या टेबलावर घड्याळ ठेवून त्यासमोर खुर्ची ओढली.

"अप्पाने घालायला नकार दिला?"

"उद्या घालतो म्हणाले," जाऊबाई म्हणाल्या. "मनस्ताप झालाय हो त्यांना. इतका विश्वास टाकलेली बाई."

"हे अप्पाचंच, हे कशावरून?"

जाऊबाईंनी फोन काढून घड्याळाशेजारी धरला. दोन सेकंदांचा फरक होता, फार तर तीन. "आता बोला. इतकं बरोबर घड्याळ या घरात दुसऱ्या कुणाचं असणार?"

यावर आत्या हसल्या. "अगं, परीक्षेत दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यात काय मोठंसं? बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. ज्याची त्याची असते ती चूक. दोन पेपरांत सारखी चूक दिसली की मी उठून उभी राहायचे."

इथे मला आमच्या घराचं एक खूळ सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी अप्पांनी एकाच दुकानातून एकसारखी तीन क्वार्ट्झ घड्याळं आणली. एक स्वतःला, एक थोरल्या मुलाला, म्हणजे दादांना, आणि एक माझ्या नवऱ्याला. साधी घड्याळं, पांढरी तबकडी आणि तारखेची बारीकशी खिडकी. अशी घड्याळं महिन्याला थोडे सेकंद इकडेतिकडे होतातच, आणि जगात कुणाचं त्यावाचून अडत नाही. अप्पांचं अडायचं. त्यांनी दुकानदाराला सळो की पळो करून सोडलं. घड्याळं न्यायची, रेडिओशी ताडून बघायची, परत करायची, असं करत करत ज्यांचा काटा जवळजवळ हलतच नाही अशी तीन निवडली. शेवटी दुकानदार म्हणाला म्हणे, 'काका, यापुढे तुम्ही सूर्य लावून घ्या.'

माझ्या नवऱ्याने त्याच्या घड्याळाचा सेल संपल्यावर ते तसंच टाकलं. ते आता माझ्याकडे आहे. कापडावर कागदी माप ठेवलं की त्याच्यावर वजन म्हणून ठेवते. अप्पांनी एकदा ते बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दादांचं मात्र अप्पा मागून न्यायचे. आजारी पडायच्या थोडं आधीच दोन्ही घड्याळांना नवे सेल, नव्या काचा, नवे काळे पट्टे घालून, दोन्ही एका सेकंदाला लावून त्यांनी दादांचं परत केलं होतं. दादांनी ते कधी मनगटावर बांधलं नाही, ही गोष्ट वेगळी.

"तुझ्याकडचं आण," आत्या मला म्हणाल्या. मी आणलं. काटे मेलेले. आत्यांनी ते बाजूला ठेवलं आणि सापडलेलं घड्याळ उचलून त्याचा पट्टा बोटाने वाकवला. सोडल्यावर तो ताडकन सरळ झाला. त्यांनी तो पुन्हा वाकवला, पुन्हा सोडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हे घड्याळ इतकं बरोबर आहे ना, त्याचीच मला काळजी वाटतेय," असं म्हणून आत्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं.

३

आत्यांची चौकशी म्हणजे गप्पाच. समोरच्याला वाटतं, म्हातारी वेळ घालवतेय.

दिवसाआड सकाळी अप्पांकडून व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट येतो. तरुण आहे, गोड बोलतो आणि पळायच्या घाईत असतो. तो काल दुपारीच उशिरा उगवला होता. आत्यांनी त्याला फोन लावला.

"काल व्यायाम केला नाहीस म्हणे?"

"त्यांनीच नाही म्हटलं. मनगटाकडे बघून 'उद्या, उद्या' करत होते. म्हटलं, बरं, उद्या करू."

आत्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुला काय वाटलं, उद्या म्हणजे?"

"मला वाटलं, जेवण उद्या."

"गंमत आहे. याला व्यायामाला सुट्टी मिळाली, तुला वाटी घासायची टळली, तुझ्या जावेच्या मते अप्पा उद्या घड्याळ घालणार. प्रत्येकाने आपल्या सोयीचं 'उद्या' घेतलं."

मला राग आला. वाटी घासायची टळावी म्हणून मी म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवीन? पण बोलले नाही, कारण आत्यांचं लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. त्या अप्पांच्या खोलीच्या दारामागे बघत होत्या. तिथला हूक रिकामा होता.

"मावशींची पिशवी इथे असायची?"

"हो. आधी इथे अप्पांची असायची, रक्तदाबाचं मशीन, मलम, चष्मा वगैरे. पण दार पूर्ण उघडेना, म्हणून गेल्या आठवड्यात मी ती खिडकीजवळ नेली. मावशींची हलकी, ती इथे." दोन्ही पिशव्या दिसायला एकच. औषधांच्या दुकानात फुकट मिळालेल्या.

संध्याकाळी कशाला थांबायचं म्हणून आत्या दुपारीच वर गेल्या. दादा आणि जाऊबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दादा त्या दिवशी ऑफिसला गेले नव्हते. डोकं दुखतंय म्हणाले. चेहरा खरंच उतरलेला होता. एरवी त्यांच्याशी बोलायला मला जरा दबकूनच वागावं लागतं. हिशेब तपासण्याचं काम करतात, आणि घरातही माणसांच्या बोलण्यावर टिकमार्क करत असल्यासारखे ऐकतात. त्या दिवशी मात्र ते माझ्याकडे बघतही नव्हते.

"आत्या, तू कशाला त्रास घेतेस?" ते म्हणाले. "घड्याळ मिळालं. विषय संपला. ती तक्रारबिक्रार काही करू नका, असं मी हिला सांगितलंय."

"का करू नये?" जाऊबाई म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या घरात हेच होईल."

"तुला काय वाटतं, मावशींनी घेतलं असेल?" आत्यांनी दादांना विचारलं.

"मला काय माहीत. मी दिवसभर बाहेर असतो. संध्याकाळी अप्पांजवळ जरा बसतो, तेवढंच."

"खाली तुला काही सापडत नसेल मग. परवा अप्पाचा चष्मा शोधण्यात माझा अर्धा तास गेला असता, ही होती म्हणून वाचला."

"त्यात काय शोधायचं? दारामागच्या पिशवीत असतं सगळं."

"असं होय," आत्या म्हणाल्या, आणि चहा छान झालाय म्हणून जाऊबाईंचं कौतुक करू लागल्या.

खाली येताना माझ्या मनात पाल चुकचुकली. आत्या परवा आमच्याकडे आल्याच नव्हत्या.

४

मावशींचं घर म्हणजे एका लांब चाळवजा इमारतीतली टोकाची खोली. दार उघडंच होतं. त्या जमिनीवर बसून आरशाची काच पुसत होत्या. मला वाटलं होतं, आम्हाला बघून दार लावून घेतील. त्यांनी आत्यांना खुर्ची दिली, मला पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवले का?"

मी मान हलवली. त्यांनी आरसा भिंतीला टेकवून ठेवला.

"मला तुम्हाला पिशवीबद्दल विचारायचं नाही," आत्या म्हणाल्या. "घड्याळाबद्दल विचारायचंय. अप्पा त्याचं काय काय करायचा?"

"बघायचे. दुसरं काय करणार? मधेच मला दाखवायचे. मी म्हणायची, हो अप्पा, गोळीची वेळ झाली. एकदा मी मुद्दाम म्हटलं, थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडतं? तर असं बघितलं माझ्याकडे. पण खरं सांगू का, त्यांना सेकंदाचं एवढं काही नव्हतं. आपल्याला वेळ कळतेय, दिवस कळतोय, म्हणजे आपण अजून आहोत, असं असावं त्यांचं. झोपून असलेल्या माणसाला सगळे दिवस सारखेच की हो."

"दिवस कळतोय म्हणजे?"

"तारीख. या महिन्याच्या पहिल्या सकाळी त्यांनी मला चहाचा कप हातात घेऊ दिला नाही. बोट सारखं त्या खिडकीवर ठोकत होते. मला कळेना. मग बघितलं तर एकतीस दिसत होते. मागचा महिना तिसाचा, ते घड्याळाला बापड्याला काय माहीत. मी चावी अर्धी ओढून एक केला. मग हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले." मावशी हे सांगताना थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, मला दुसरीकडे काम नाही मिळालं तर मी बघून घेईन काहीतरी. पण त्यांना वाटायला नको हो, की मी घेतलं."

मला तिथे बसवेना. जाऊबाईंनी फोन लावला तेव्हा मी बाजूलाच उभी होते आणि माझ्या तोंडात मिठाची गुळणी होती. मी मावशींचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

बाहेर आल्यावर आत्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि बोटांची हाडं उजव्या बोटाने मोजली, शाळेत महिन्यांचे दिवस मोजतात तशी. उंचवटा, उंचवटा, खळगा.

"आज तारीख काय गं?"

मला आठवेना. आपल्याला कुठे पाठ असते? फोन बघून सांगितली.

आत्यांनी पर्समधून रुमाल काढला, उलगडला, आणि घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं. काटा फोनशी अगदी जुळलेला. आणि खिडकीत कालची तारीख.

५

"दोन्ही घड्याळं अप्पाने एकाच दिवशी लावली," आत्या म्हणाल्या. संध्याकाळी आम्ही सगळे अप्पांच्या खोलीत होतो. आत्यांनी मुद्दाम तिथेच बोलावलं होतं. अप्पा उशांना टेकून बसले होते. माझा नवरा फिरतीवर, तो फोनवर ऐकत होता. "तो महिना आणि त्याच्या पुढचा, दोन्ही एकतिसाचे, घड्याळं बिनबोभाट पुढे गेली. गेला महिना तिसाचा. अप्पाच्या घड्याळाची तारीख मावशींनी पहिल्या सकाळी नीट केली. जे घड्याळ कुणी बघतच नाही, त्याची कोण करणार? ते एक दिवस मागे राहिलं. सेकंदाला बरोबर आणि दिवसाला चूक."

जाऊबाईंनी घड्याळ हातात घेऊन तारीख बघितली. "कुणी चाळा केला असेल चावीला."

"असेल. मग पट्टा बघ. अडीच महिने रोज मनगटावर बांधलेला पट्टा भोकापाशी दुमडतो. हा दुकानातल्यासारखा ताठ आहे. हे घड्याळ कुणी घातलेलंच नाही. अप्पाला पहिल्या नजरेत कळलं. 'उद्या' म्हणजे उद्या घालतो नव्हे. यात कालची तारीख आहे, तिच्या पुढची हवी, म्हणजे हे माझं नव्हे. 'काल' हा शब्द त्याच्याकडे उरलेला नाही, म्हणून 'उद्या'. चार शब्द उरलेत त्याच्याकडे, त्यातल्या एकाने त्याने साक्ष दिली, आणि आपल्यापैकी एकालाही ती कळली नाही."

अप्पांनी डावा हात चादरीवर थोपटला. दोनदा.

"घरात अशी घड्याळं तीन. एक हिच्याकडे मेलेलं पडलंय. एक हरवलं. तिसरं तुझं," आत्या दादांकडे वळल्या. "वर जा आणि तुझं घेऊन ये. ते तुझ्या कपाटात निघालं, तर मी सगळ्यांची माफी मागून घरी जाते."

दादा उठले नाहीत.

"अहो, जा ना," जाऊबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्या हळूच अप्पांच्या पायथ्याशी बसल्या.

दादांनी खिशातून एक कागदाची पुडी काढली. आत अप्पांचं घड्याळ होतं. काच फुटलेली, एक काटा निखळलेला.

"त्या दिवशी संध्याकाळी मी आलो," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "नेहमीसारखं यांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. रोज दाखवायचे. लहानपणी शाळेतून आलो की हेच, कॉलेजात हेच, माझ्या लग्नात मांडवात हेच. वाचा गेली तरी उशीर झाला हे सांगायचं राहिलं नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, द्या, पुसून आणतो. काढलं, गच्चीवर गेलो, आणि मागच्या मोकळ्या जागेत फेकून दिलं."

"आणि सकाळी शोधायला गेलात," मी म्हणाले.

"उजाडल्याबरोबर. मिळालं ते असं. मग म्हटलं, माझं ठेवून देऊ यांच्या पिशवीत. सापडेल कुणाला तरी, कुणाला कळणार नाही. त्याच संध्याकाळी, मावशी बाथरूममध्ये असताना, दारामागच्या पिशवीत तळाशी घातलं."

"अप्पाची पिशवी हलवली होती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं," आत्या म्हणाल्या. "तू खोलीत येतोस, पण खोली बघत नाहीस. नुसता येऊन जातोस. म्हणून ती चूक तुझीच असणार, हे मला दुपारी कळलं. मावशींना अडकवायचा तुझा विचार नव्हता, तेही कळलं."

"नव्हताच," दादा म्हणाले. "आत्या, खरंच नव्हता."

"विश्वास आहे माझा. घड्याळ फेकलंस तो राग. चुकीच्या पिशवीत टाकलंस ती चूक. पण काल संध्याकाळी घरी आल्यावर तुला कळलं की एक बाई रडत जिना उतरली, आणि तू गप्प राहिलास. तक्रार नको, विषय संपवा, एवढंच म्हणत राहिलास. त्याला मी काय नाव देऊ, तूच सांग."

जाऊबाई पुटपुटल्या, "आणि मी त्यांची पिशवी न विचारता उघडली." त्यांनी पदरात तोंड घातलं.

मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवेना. मी दिवसभर त्या खोलीबाहेर शिवत बसते, मला आतलं सगळं दिसतं. "दादा, तुमची यायची वेळ झाली की अप्पा तासभर आधीपासून दाराकडे आणि घड्याळाकडे बघत असतात. उशीर मोजत असतील तर माहीत नाही. पण वाट बघणाऱ्या माणसालाही घड्याळ लागतंच की."

फोनवर माझ्या नवऱ्याने घसा खाकरला. दादा उठले, अप्पांजवळ गुडघ्यावर बसले, आणि फुटलेलं घड्याळ त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवलं.

६

अप्पांनी ते बघितलं. मला भीती वाटली होती की आता आणखी एक झटका येतो की काय. ज्या माणसाने आयुष्यभर दोन सेकंदांसाठी दुकानदाराचा जीव खाल्ला, त्याच्या हातात हे. पण त्यांनी काटे बघितले नाहीत, कानाशीही नेलं नाही. घड्याळ चादरीवर ठेवून दिलं, आणि त्याच हाताने पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. मावशी बसायच्या त्या खुर्चीकडे. जाऊबाई पुढे झाल्या, तर त्यांनी हात हलवून त्यांना बाजूला सारलं. पुन्हा खुर्चीकडे बोट.

"आणतो," दादा म्हणाले. "सकाळी जाऊन आणतो."

सकाळी संस्थेच्या बाई आमच्याकडे यायच्या आधी आम्हीच त्यांच्या ऑफिसात गेलो. दादा, आत्या आणि मी. जाऊबाई सूपाची वाटी घेऊन अप्पांपाशी थांबल्या. ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि भिंतीला लागून एक लांब बाक. बाकावर काम मिळायची वाट बघणाऱ्या बायका बसलेल्या. मावशी अगदी कडेला. आम्हाला बघून त्यांनी नजर खाली घातली. शेजारच्या दोघींनी आमच्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघितलं. आमचं प्रकरण तिथे आधीच पोचलं होतं, हे मला त्या नजरेवरून कळलं आणि शरमेने मेल्यासारखं झालं.

दादांनी टेबलापाशी जाऊन सांगितलं, की तक्रार करायची नाही, घड्याळ यांनी घेतलेलं नव्हतं.

"गैरसमज झाला म्हणायचा," संस्थेच्या बाई हसून म्हणाल्या. "होतं हो असं. मिटलं ना? झालं तर मग."

दादा क्षणभर तसेच उभे राहिले. तिथून निघून जाणं फार सोपं होतं. बाईंनी दार उघडून दिलं होतं. आत्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलू नये अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. मग दादांनी टेबलाकडे पाठ केली आणि बाकाकडे तोंड केलं.

"गैरसमज नव्हता," ते सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या वडिलांचं घड्याळ मी फोडलं. ते लपवायला माझं घड्याळ मी यांच्या पिशवीत टाकलं. यांच्यावर आळ आला तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी बोललो नाही. यांनी काही केलेलं नाही. मी केलं." मग मावशींकडे बघून म्हणाले, "माझं चुकलं. तुमची माफी मागायला आलोय."

मावशींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता, आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"अप्पांनी काही खाल्लं?"

"दोन चमचे सूप. काल रात्रीपासून तेवढंच."

त्या उठल्या. पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी अप्पांसाठी येतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी मला इतक्यात बोलायचं नाही."

"ठीक आहे," दादा म्हणाले.

"ठीक नाहीये," मावशी म्हणाल्या. "पण चला. ते उपाशी आहेत."